गंज न चढणारं, गंज मावणारं

आईचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, कोथरूडच्या एका कॅफेत बसून 'पावसाळ्यात केसांची काळजी' या ज्वलंत विषयावर आठशे शब्द पाडत होते. डेडलाइन पाचची आणि घड्याळात सव्वाचार. फोनवर आधी ग्राइंडरची घरघर ऐकू आली, मग आई.

"अगं, मिस्त्री विचारून राहिला, भोक केवढं पाडू?"

"कसलं भोक?"

"सिंकचं. ग्रॅनाइट आलं ना काल. ओट्याच्या मापानं कापणं सुरू आहे."

मग मिस्त्रीनेच फोन घेतला. "मॅडम, नीट विचार करून सांगा. भोक एकदाच पडते. मागून मोठं करता येते, लहान नाही करता येत."

मी म्हटलं, थांबा. सिंकच्या जागी हात लावू नका, मी येतेय.

तुम्ही म्हणाल, एका सिंकसाठी एवढं? पुण्याहून चंद्रपूर म्हणजे अख्खी रात्र आणि वर निम्मा दिवस ट्रॅव्हल्समध्ये मान मोडून घ्यायची. पण हे किचन माझं होतं. म्हणजे आईचंच, पण पैसे माझे. एका कंपनीच्या कॉफी टेबल बुकचं पेमेंट आठ महिने लटकून अखेर एकरकमी आलं होतं, आणि मी त्याच संध्याकाळी फोन करून जाहीर करून टाकलं होतं, 'आई, किचन माझ्याकडून!' फ्रीलान्सरच्या आयुष्यात असं वाक्य बोलायची संधी वारंवार येत नाही.

शिवाय कारण होतं. आई एकतीस वर्षं गडचिरोली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये शिकवत होती. चामोर्शी, आरमोरी, मधली तीन वर्षं थेट एटापल्ली. भाड्याच्या खोल्या बदलत गेल्या, पण प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यात मोरी होतीच, आणि मोरीत शाळेतून आल्या आल्या पदर खोचून उकिडवी बसलेली आई. बाबा गेले, ती रिटायर झाली आणि चंद्रपूरच्या आमच्या घरी कायमची राहायला आली. तिथेही तेच. बुटका कडप्प्याचा ओटा आणि शेजारी मोरी. मागच्या हिवाळ्यात तिच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. डॉक्टर म्हणाले, आता खाली बसायचं नाही. म्हणजे आमच्याकडे सिंक ही चैन नव्हती, प्रिस्क्रिप्शन होतं.

ग्रॅनाइट आईने मला न विचारता निवडलं होतं. टॅन ब्राउन. तपकिरी, त्यात काळे ठिपके. हा दगड तेलंगणातल्या करीमनगरचा. आसिफाबाद, राजुरा, बल्लारपूर करत ट्रक वर येतात आणि चंद्रपुरात उतरतात. आमच्या जिल्ह्यात जमिनीखाली कोळसा आहे, सिमेंटचा चुनखडक आहे, गडचिरोलीत सुरजागडला लोखंड आहे, पण आमच्या ओट्याचा दगड शेजारून आला. अमेरिकेतल्या किचनांमध्येही हाच टॅन ब्राउन बसतो म्हणे. पण मला तो सहकारी बँकेच्या काउंटरसारखा दिसत होता. माझ्या डोक्यात जेट ब्लॅक होता. तो हुकला, तर निदान सिंक तरी माझ्या मनासारखं! काळं, क्वार्ट्‌झचं, अंडरमाउंट, मॅट फिनिश. मी एकदा एका पुरवणीसाठी 'मॉड्युलर किचन : नवा मंत्र' असा लेख लिहिला होता, त्यामुळे या विषयातले आपले फंडे एकदम क्लिअर आहेत अशी माझी समजूत होती. (तो लेख जाहिरातीचा होता. ब्रोशर समोर ठेवून लिहिलेला.)

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी बाजारात गेलो. जून उजाडला होता, पण पाऊस यायचा होता. मे महिन्यात पारा ४७च्या पुढे नेणारं आमचं गाव, जूनमध्येही लगेच माणसात येत नाही.

पहिल्या दुकानात सेल्समनने मला बरोब्बर ओळखलं आणि सरळ काळ्या सिंकपाशी नेलं. खरं सांगते, जाम देखणं होतं. ही सिंक म्हणजे अखंड दगड कोरून काढलेला नसतो. क्वार्ट्‌झचा चुरा ऐंशी टक्क्यांच्या आसपास आणि बाकी ॲक्रिलिकची रेझिन, असं मिश्रण साच्यात ओतून बनवतात. जर्मनीच्या शॉक कंपनीने १९७९च्या सुमारास हा प्रकार आणला, आणि आपल्याकडे गुजरातेत भावनगरला अशी सिंक बनतात. चरे पटकन पडत नाहीत, भांडं आपटलं तरी स्टीलसारखा कानठळ्या बसवणारा आवाज येत नाही. मी हे सगळं आईला सांगत होते, सेल्समन मान डोलावत होता, आणि आई त्या सिंकवर बोटाच्या पेराने टकटक करून बघत होती, माठ घेताना करतात तसं.

"यावर पाणी वाळलं की कसं दिसंल?" तिने विचारलं.

"मॅडम, पुसून घ्यायचं ना," सेल्समन म्हणाला.

"किती वेळा?"

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही.

दुसऱ्या दुकानात स्टीलची सिंक होती आणि दुकानदार चुंबकवाला होता. खिशातून चुंबक काढायचा, सिंकला लावायचा, ते चिकटलं नाही की विजयी मुद्रेने आपल्याकडे बघायचं. "बघा, ओरिजिनल ३०४!" इथे मात्र माझी पत्रकारिता कामाला आली, कारण ट्रॅव्हल्समध्ये झोप न लागल्यामुळे मी रात्रभर हेच वाचत आले होते. ३०४ म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेलं स्टील. निकेल महाग. म्हणून स्वस्तातल्या २०२ ग्रेडमध्ये ते कमी करून त्याऐवजी मँगनीज घालतात. गोची अशी, की २०२लाही चुंबक चिकटत नाही! आणि खऱ्या ३०४च्या पत्र्याला साच्यात दाबून खोल केलं, की कोपऱ्यांवर चुंबक किंचित ओढलंही जातं. म्हणजे चुंबकाची परीक्षा फार तर अगदीच बोगस माल पकडेल, २०२ नाही. मी म्हटलं, काका, चुंबक राहू द्या, बिलावर ग्रेड आणि पत्र्याची जाडी लिहून देणार का? काकांनी चुंबक खिशात ठेवलं. मग गोडाऊनमधून दुसरा माल आला, ग्रेडचा ठसा असलेला, एक मिलिमीटर जाडीचा. किंमत अर्थातच चढली. पण आई पहिल्यांदाच माझ्याकडे 'पोरीला पत्रकारिता शिकवून वाया नाही गेलं' अशा नजरेने बघत होती.

तरीही मी काळ्यावरच अडून होते. टॅन ब्राउनमधले काळे ठिपके आणि काळं सिंक, काय मॅचिंग दिसलं असतं!

घरी आल्यावर आईने वाद घातला नाही. शिक्षिका आहे ती, प्रात्यक्षिक करून दाखवते. मी हट्टाने दुकानातून जेट ब्लॅकचा वीतभर नमुना आणला होता. तो तिने मागच्या अंगणात बोअरच्या नळाखाली ठेवला, वर चार तांबे पाणी ओतलं आणि म्हणाली, "जेव आता." जेवलो, झोपलो. सकाळी बघते तर काळ्या दगडावर पांढरा नकाशा! बेटं, किनारे, सगळं. आमच्या गल्लीतलं बोअरचं पाणी जड आहे, त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार पाणी उडून गेल्यावर मागे उरतात. शहराचं पाणी इरई धरणातून येतं, पण उन्हाळ्यात नळाच्या भरवशावर कुणीच राहत नाही. वापरायला बोअरच. याच इरईचं पाणी वीज केंद्रालाही लागतं, आणि २०१०च्या उन्हाळ्यात धरण आटलं तेव्हा केंद्राचे संच बंद ठेवायची वेळ आली होती. तेव्हा मी शाळेत होते. अंगणातल्या बोअरची मोटर सुरू झाली की आख्खी गल्ली बादल्या घेऊन यायची, एवढं आठवतं.

आणि मग आईने खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवून माझ्यासमोर धरलं. काळं. कोळशाच्या खाणी आणि वीज केंद्र असलेल्या गावात हे रोजचं आहे, सकाळी पुसलं की संध्याकाळी परत.

"खालून पांढरं, वरून काळं," ती म्हणाली. "काळ्या दगडावर पांढरं दिसते, पांढऱ्यावर काळं. म्हणून तपकिरी आणला. तुला वाटलं आईला चॉइस नाही."

मला नेमकं तेच वाटलं होतं. हे इथे कबूल करून टाकते.

काळं सिंक बाद झालं. पण खरी लढाई पुढेच होती, मापाची. मी दोन भांड्यांच्या सिंकवर आले होते. एका बाजूला घासायचं, दुसऱ्या बाजूला विसळायचं, पाणी वाचतं वगैरे. आई काही न बोलता माळ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "तो गंज काढ."

आता हा शब्द. पुण्यात मी पहिल्या वर्षी रूममेटला म्हटलं होतं, "गंजात दूध आहे," तर ती भांड्यावरचा तांबडा थर शोधत बसली. आमच्याकडे विदर्भात गंज म्हणजे पातेलं, उभट आणि खोल. आणि माळ्यावरचा गंज म्हणजे आजीच्या काळचा, जर्मनचा, सोळा इंच तोंडाचा राक्षस. मी स्टुलावर चढून तो काढला, आईने त्यावर टेप धरली. दोन भांड्यांच्या सिंकमध्ये तो जाणं शक्यच नव्हतं. २४ बाय १८च्या एका भांड्याच्या सिंकमध्येही नाही. इथे मला आणखी एक अक्कल आली. दुकानात सांगतात ते माप काठासकट असतं. आतली जागा दोन-तीन इंच कमी भरते, कोपरे गोल असले तर आणखी कमी.

"आई, हा गंज निघतो किती वेळा?"

"महालक्ष्म्यांना. आणि दिवाळीच्या आसपास एखाद्या दिवशी."

"म्हणजे वर्षातून दोनदा! दोन दिवसांसाठी रोजचं सिंक एवढं मोठं घ्यायचं? काही लॉजिक आहे का? रोज तुझी एकटीची भांडी ती किती, एक ताट, एक वाटी..."

"त्याच दोन दिवशी तू येते ना," आई म्हणाली.

ती टेप गुंडाळत होती. वर बघितलंही नाही तिने. त्यात टोमणा नव्हता, हेच वाईट होतं. टोमणा असता तर मला भांडता आलं असतं.

मी किचन देत होते, ते कशाच्या बदल्यात देत होते, हा हिशेब मी तोवर मांडला नव्हता. गेल्या चार वर्षांत मी घरी आले ते मोजून आठ वेळा. प्रत्येक वेळी कुठली तरी डेडलाइन सोबत. आणि आता सोळा तास प्रवास करून आले तीसुद्धा आईला बघायला नाही, सिंकचा रंग ठरवायला.

सिंक २७ बाय २१चं ठरलं.

उंची ठरवायला मिस्त्रीने आईला उभं केलं. कोपराच्या चार-पाच इंच खाली ओटा आला की खांदे दुखत नाहीत. आई चार फूट अकरा इंच. भिंतीवर पेन्सिलची खूण झाली. तेवढ्यात आईच म्हणाली, "थांब, ताईला बोलाव." ताई म्हणजे आमच्याकडे सकाळी भांडी-धुणं करायला येणाऱ्या बाई. त्या आईपेक्षाही दोन बोटं बुटक्या.

"मॅडम, मले कायले विचारता? तुमचं घर," त्या म्हणाल्या. पण उभ्या राहिल्या. आणि मग जे बोलल्या ते माझ्या ब्रोशरमध्ये कुठेच नव्हतं. "दुसऱ्या घरी सिंक आहे ना, तिथं मले वाकाच लागते. लयच खोल. अन् उभ्यानं घासलं का सारं पानी पोटावर. लुगडं ओलं होते, तसंच पुढच्या घरी जा लागते."

मी दहा इंच खोलीचं सिंक घेणार होते, कारण फोटोत छान दिसतं. सिंकचा तळ ओट्याच्या खाली असतो, म्हणजे जितकं खोल तितकं वाकणं, हे साधं गणित मला सुचलं नव्हतं, कारण मी पुण्यात भांडी घासतच नाही. मावशी येतात. त्यांना मी कधी काही विचारलंय? छे.

खोली आठ इंच झाली, ओटा एकतीस इंच झाला. पोटावरच्या पाण्याचा इलाज मिस्त्रीने काढला. ग्रॅनाइटच्या पुढच्या कडेला खालून ग्राइंडरने एक बारीक खाच, म्हणजे ओघळ आत न वळता तिथूनच खाली टपकतो, आणि वरच्या कडेला पट्टीचा बोटभर उठाव.

एक मुद्दा मात्र माझाच टिकला, अंडरमाउंट. वरून बसवलेल्या सिंकचा काठ ओट्यावर येतो, त्याच्या कडेला भाताची शितं आणि मळ अडकतो, ओट्यावरचं पाणी सरळ आत ओढता येत नाही. मिस्त्रीचं म्हणणं, वरून बसवलेलं सिंक खराब झालं तर उचलून बदलता येतं, खालून चिकटवलेलं काढायला जीव जातो. दोघांचंही खरं होतं. आईने फडक्याने पुसण्याची ॲक्टिंग करून बघितली आणि माझ्या बाजूने मत दिलं. तेव्हा मिस्त्रीने अट घातली, नुसत्या सिलिकॉनच्या भरवशावर सोडणार नाही. गंज पाण्याने भरला तर सहज तीस किलो. म्हणून सिंकखाली कडप्प्याचा आधार. जुन्या ओट्याचाच कडप्पा कापून लावला. आईला हे फार आवडलं. ज्या कडप्प्यावर लिंबू पिळलं की डाग पडायचा म्हणून ती वीस वर्षं कुरकुरली, तो आता कुणाला न दिसता खाली उभा आहे. (ग्रॅनाइटला लिंबाचं भय नाही. उलट स्टीलवरचे पांढरे डाग काढायला लिंबाची साल झकास. फक्त बाथरूमचं ॲसिड ओतू नका, ३०४चंही वाटोळं होतं.)

प्लंबर आल्यावर आणखी एक खटका उडाला. तो पाइप सरळ गटाराला जोडत होता. आई म्हणाली, "माझ्या केळीचं काय?" मोरीचं पाणी आजवर मागच्या केळीला आणि अळूला जायचं. चामोर्शीच्या खोलीतही आईने मोरीच्या तोंडाशी अळू लावलेला मला आठवतो, शाळेच्या डब्यात त्याच्याच वड्या असायच्या. शेवटी मागे गोट्या-रेती भरलेला एक छोटा खड्डा केला, तेलकट पाणी त्यातून गाळून केळीपर्यंत. प्लंबरने खांदे उडवले. त्याच्या दृष्टीने हे मागासलेपण होतं. दोन दिवसांपूर्वी मीही खांदे उडवले असते.

कापायच्या दिवशी आम्ही तिघी दारात उभ्या. मिस्त्रीने सिंकचा कागदी साचा ग्रॅनाइटवर ठेवला, पेन्सिल फिरवली, पुढे-मागे साडेतीन-साडेतीन इंचाच्या पट्ट्या उरतात ना हे दोनदा मोजलं, कारण दगड तिथेच तडकतो. कोपरेही चौकोनी न ठेवता गोल केले, त्याच कारणाने. मग ग्राइंडर. एक पोरगं बाटलीने पाणी मारत होतं, तपकिरी चिखल उडत होता, आणि आई डोळे मिटून उभी होती, जसं काही माझंच ऑपरेशन चाललंय. शेवटचा कोपरा सुटला आणि मधला तुकडा त्या पोराच्या हातावर अलगद आला.

"हा टाकू?" मिस्त्रीने विचारलं.

"टाकते कशाला!" आई आणि ताई, दोघी एकदम.

तो तुकडा मागे केळीजवळ, बोअरच्या नळाखाली दोन विटांवर ठेवला गेला.

महालक्ष्म्यांना मी आले. तीन दिवस, लॅपटॉप न आणता. सोळा भाज्या, आंबील, पुरण, घरात चाळीस माणसं. दुपारी पंगती उठल्यावर तो गंज खरकटा होऊन सिंकपाशी आला. आतमध्ये बरोब्बर बसला, चारी बाजूंनी बोटभर जागा उरली. आई माझ्याकडे बघून हसली. पण तोवर सिंकमध्ये ताटांचा डोंगर झाला होता, मागे मावशी, मामी, चुलतबहिणी रांगेत, आणि कुणाला तरी चहाचं पातेलं धुवायचं होतं.

"काढ तो," आई म्हणाली. "मागे ने."

मी गंज मागे नेला, ग्रॅनाइटच्या त्या तुकड्यावर ठेवला आणि नळ सोडला. आईने खाली बसायला पाय दुमडलेला दिसला तशी मी ओरडले. ती कुरकुरत परत उभी राहिली आणि केळीला टेकून मला सूचना द्यायला लागली. तळाला राख लाव. गोल घास, असं नाही, गोल.